आधी तिला विचारा

एखाद्या बाईनं सांगितलं की मला मधूनच कसलातरी वास येतो आणि तो दुसऱ्या कोणालाच येत नाही, तर आपल्याकडे उत्तरं देणाऱ्यांची रांग लागते. सासू म्हणते बाहेरचं आहे. देवर्षी सांगतो कोणाचं आहे. गल्लीतला डॉक्टर म्हणतो टेन्शन आहे. शिकलेला दीर म्हणतो नाटक आहे. ध्यानाच्या वर्गातल्या मॅडम म्हणतात ऊर्जा जागृत होते आहे. या पाच जणांचं आपसात कशावरही पटणार नाही. पण पाचांपैकी एकानंही तिला पुढचा प्रश्न विचारलेला नसतो. वास कसला? किती वेळ टिकतो? त्याच्या आधी पोटात, छातीत काही होतं का? वास आला की हात काय करतात? नंतर बोलायला शब्द सापडतात का?

हे न विचारणं माझ्या मते गुन्हा आहे, आणि मी तो शब्द जपून वापरते आहे. मेंदूच्या आजारांत निम्मी तपासणी रुग्णाच्या बोलण्यातच होते. काय जाणवलं, त्याआधी काय, त्यानंतर काय, किती सेकंद, भान होतं की हरपलं, हे नीट ऐकलं तर गडबड मेंदूच्या कोणत्या बाजूला आणि साधारण कोणत्या भागात आहे याचा अंदाज जाणकार न्यूरॉलॉजिस्टला मशीन सुरू होण्याआधीच येतो. हा पुरावा रुग्ण स्वतःहून, फुकट द्यायला बसलेला असतो. आपण तो घेत नाही आणि वर्षानुवर्षं लिंबं कापत बसतो.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. सातारा जिल्ह्यातलं गाव, वय सतरा. आम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. बोलता बोलता ती थांबली. डोळे समोरच्या भिंतीवर, पण भिंत बघतेय असं वाटेना. मग ओठ हलायला लागले, काही चघळत असल्यासारखे, मधूनच घशात गिळल्याचा आवाज. उजवा हात ओढणीचं टोक चुरगाळत होता, एकाच तालात, पुन्हा पुन्हा. डावा हात मनगटातून वाकून मांडीवर ताठ पडलेला. हाक मारली, खांदा हलवला, उत्तर नाही. मिनिटभरानं सगळं थांबलं. तिनं उजव्या हातानं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणत होतीस?"

ना ती पडली, ना हातपाय झाडले, ना तोंडाला फेस. त्यामुळे फिट हा शब्द कोणाच्या डोक्यातही आला नाही. मावशीनं देवर्ष्याकडे नेलं. त्यानं तिचं तोंड हलताना पाहिलं आणि निकाल दिला: "खातंय ते. मागतंय." म्हणजे घराण्यातलं कोणीतरी भुकेलं गेलेलं आहे आणि ते पोरीच्या तोंडानं जेवतंय. कोंबडा, नारळ, लिंबं, अमावस्येला वेशीवर उतारा. तासभर तो सगळ्या घराला खोदून खोदून विचारत होता. भावकीत वाद कोणाशी, विहिरीचा हिस्सा कोणाला, पहिली सून कशी गेली. पोरीला एक शब्द नाही.

तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. प्रत्येक वेळी आधी पोटातून काहीतरी वर सरकत घशाशी येतं. मग जळक्या रबराचा वास. आणि मग अशी पक्की खात्री की ही ओसरी, या शेंगा, हेच बोलणं, सगळं जसंच्या तसं पूर्वी घडून गेलेलं आहे आणि पुढचं वाक्य काय येणार हेही आपल्याला माहीत आहे. एकदा तिनं हे आईला सांगितलं. मावशी घाबरली. "कुठं बोलू नकोस गं बाई, लग्नाची पोर तू." पोर गप्प झाली. तालुक्याच्या डॉक्टरनं दोन मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि लग्न उरकून टाका असा सल्ला दिला. शहरात एकदा मेंदूचा आलेख काढला, तो नॉर्मल आला, आणि त्या कागदाच्या जोरावर घरातल्या शिकलेल्या मंडळींनी तिला ढोंगी ठरवलं.

पुढे पुण्यात एका न्यूरॉलॉजिस्टनं तिला समोर बसवून अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कोणता हात चुरगाळतो, कोणता ताठतो, नाक कोणत्या हातानं पुसते, हे आम्हाला विचारलं. मग मावशीकडे वळून विचारलं, "लहानपणी तापात झटके आले होते का? किती वेळ चालले होते?" मावशी म्हणाली, सव्वा वर्षाची होती, सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत थांबले नव्हते. त्यांनी एमआरआय सांगितला, पण तोही कसा काढायचा, कोणत्या भागाचे बारीक छेद घ्यायचे, हे चिठ्ठीवर लिहून दिलं. मेंदूतला उजव्या बाजूचा हिपोकॅम्पस नावाचा भाग आक्रसलेला निघाला. जुना व्रण. त्या व्रणाच्या आजूबाजूला मधूनच विजेचं वादळ उठत होतं.

इथे थोडं थांबते, कारण हे समजून घेण्यासारखं आहे. कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला, आठवणींचं, भीतीचं आणि वासाचं काम करणारे भाग एकमेकांना खेटून आहेत. 'हे ओळखीचं आहे' ही जाणीवही तिथलीच. वादळ तिथे उठलं की समोर काहीही नसताना वास येतो आणि काहीही जुनं नसताना सगळं जुनं वाटतं. शेजारच्या इन्सुला नावाच्या भागात पोचलं की पोटातून वर चढल्यासारखं होतं. आणखी पसरलं की भान जातं आणि तोंड चघळायला लागतं. झटक्यात ज्या बाजूचा हात चुरगाळतो आणि नंतर नाक पुसतो, बहुधा त्याच बाजूला दोष असतो; ताठणारा हात त्याच्या विरुद्ध बाजूचा. देवर्ष्याला जे भूत जेवताना दिसलं, त्यात डोळे उघडे ठेवून बघणाऱ्याला मेंदूचा नकाशा दिसला असता. आणि आलेख नॉर्मल येण्याचं म्हणाल, तर फिट असणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांच्या पहिल्या आलेखात, म्हणजे ईईजीत, काहीच सापडत नाही. न्यूरॉलॉजीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे जाणतो. तो कागद दाखवून एखाद्या मुलीला खोटी ठरवणाऱ्यानं आपली अक्कल पाजळू नये.

हे ज्ञान कालपरवाचंही नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या हॉस्पिटलात जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात अशा स्वप्नाळू झटक्यांची वर्णनं गोळा केली. त्यांचा एक रुग्ण स्वतः डॉक्टर होता. त्याचं वर्णन त्यांनी १८८८ मध्ये 'झेड' या अक्षराखाली छापलं. हा माणूस एकदा एका आजाऱ्याला तपासायला गेला आणि तपासताना त्याला झटका आला. भानावर आल्यावर काही वेळानं त्याला आपणच केलेल्या निदानाची नोंद दिसली: डाव्या फुप्फुसाच्या तळाला न्यूमोनिया. लिहिल्याचं त्याला काहीही आठवत नव्हतं. त्यानं आजाऱ्याला पुन्हा तपासलं; निदान बरोबर होतं. पुढे त्याचा मृत्यू झाला, मेंदू उघडून पाहिला, आणि १८९८ मध्ये जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं लिहिलं की डाव्या टेम्पोरल लोबच्या आत, वासाच्या भागातच, छोटासा नासलेला खड्डा सापडला. १८८८ साली एक्स-रेसुद्धा नव्हते. जॅक्सनकडे होते कान, आणि रुग्णाला बोलू देण्याइतका वेळ. सव्वाशेहून अधिक वर्षं लोटल्यावर आपल्या तालुक्याच्या गावात सीटी स्कॅनचं मशीन आहे, आणि तेवढं ऐकायला कोणी नाही.

आता माझ्या बाजूच्या लोकांबद्दल बोलते, कारण त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या बाजूची आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी इतकी वर्षं घालवली तो त्याच डिसेंबरमध्ये विधिमंडळानं मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, हे सगळं त्या कायद्यानं गुन्हा ठरवलं. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती कल्पनेतून आलेली नाही. या महाराष्ट्रात माणसांशी हे झालेलं आहे. कायद्याचं मोल मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. कुत्रा, साप, विंचू. फिट त्यात नाही. ज्या आजारात आपल्याकडे गावोगाव रुग्णाला सर्वांत आधी भगताकडे नेतात, त्यात त्याला औषधापासून अडवून ठेवणं त्या कलमात नावानं आलेलंच नाही. चाबूक उगारला तर गुन्हा. नुसता दोरा बांधून 'गोळ्या बंद करा' म्हणणाऱ्यावर हात टाकायला पोलिसाला वाट शोधावी लागते. हे कलम दुरुस्त करा, ही माझी मागणी आहे.

आणि कार्यकर्त्यांनो, तुमचे प्रयोग मी शाळेत असल्यापासून बघत आले आहे. जिभेवर कापूर जाळून दाखवता, लिंबातून रक्त काढून दाखवता. बाबाची लबाडी त्यातून उघडी पडते, चांगलंच आहे. पण समोर बसलेल्या एखाद्या मुलीला खरंच वास येत असतो, खरंच कोणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटत असतं. तुमचा कार्यक्रम बघून ती एवढंच शिकते की असलं काही सांगणारे सगळे लबाड असतात. बाबाचं ढोंग उघडं पडलं म्हणून मुलीचा अनुभव ढोंग ठरत नाही. 'भूत नसतं' हे तिला सांगून झाल्यावर 'मग मला होतं ते काय' याचं उत्तर द्यायला तुम्ही तिथे थांबत नाही. देवर्षी थांबतो. तो चुकीचं सांगतो, पण तिला काहीतरी होतं आहे एवढं तरी मान्य करतो.

अंगात येणं म्हणजे सरसकट फिट, असं मी म्हणत नाही. आरतीच्या वेळी घुमणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणींच्या मेंदूत काहीही व्रण नसतो; घरात ज्यांना तोंड उघडायची सोय नाही त्यांना तिथे उघडता येतं. फिटसारखे दिसणारे पण मनाच्या ताणातून येणारे झटकेही असतात. तेही नाटक नव्हे. त्यात माणूस ठरवून काही करत नसतो, आणि त्यावरचा उपचार वेगळा असतो, फिटच्या गोळ्यांनी ते झटके थांबत नाहीत. कोणतं काय आहे हे ओळखायचं कसं? पुन्हा तेच. विचारून, बघून, आणि जमलं तर झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून. हा व्हिडिओ हातात घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात तर महिन्यांचं काम मिनिटांत होतं. आपण मात्र कांदा हुंगवतो, चप्पल नाकाशी धरतो, हातात किल्ल्या कोंबतो, दातात चमचा अडकवून दात पाडतो. त्या वेळी करायचं एवढंच: माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी काढा.

आध्यात्मिक बाजाराचं काय? तिथे तर या अनुभवांना भाव आहे. शरीराबाहेर जाऊन स्वतःला वरून बघण्याचे वर्ग भरतात, पैसे घेऊन. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी फिटच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूवर, ऑपरेशनपूर्व तपासणीत, उजव्या कानाच्या वर-मागच्या भागात सौम्य वीज दिली. तिला आपण पलंगावर पडलेल्या स्वतःलाच वरून बघतो आहोत असं दिसलं. २००६ मध्ये त्याच गटानं बावीस वर्षांच्या दुसऱ्या एका मुलीच्या डाव्या बाजूच्या तशाच भागाला वीज दिली, तर तिला मागे एक सावली जाणवली. ती उठून बसली की सावली बसे. तिनं गुडघ्यांना मिठी मारली तर सावलीनं तिला मिठी मारली, आणि ती मिठी नकोशी वाटणारी होती. हातात कार्ड घेऊन वाचायला सांगितलं तर सावली कार्ड हिसकावू बघते आहे असं ती म्हणाली. वीज थांबली, सावली गेली. शरीर कुठे आहे, कोणाचं आहे, हा हिशोब मेंदू क्षणाक्षणाला जुळवत असतो, आणि तो चुकला की आपलंच शरीर परकं होऊन मागे उभं राहतं. झोपेतून जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, दाराशी काळी आकृती दिसते, हा अनुभव तर कितीतरी धडधाकट माणसांना आयुष्यात कधी ना कधी येतो. स्वप्नांच्या झोपेत स्नायू लुळे ठेवायची जी व्यवस्था आहे ती जाग आल्यावरही काही क्षण सुटत नाही, एवढंच त्यात असतं. यात मुंजाही नाही आणि मोक्षही नाही. एखाद्या मुलाच्या टेम्पोरल लोबमधल्या वादळाला सिद्धी म्हणून विकणारा माणूस आणि उतारा काढणारा देवर्षी यांच्यात मला फक्त फीचा फरक दिसतो.

म्हाताऱ्यांची गोष्ट याहून करुण आहे. आमच्या शेजारच्या आजोबांची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेली. ते गॅलरीत खुर्चीवर बसत आणि मधूनच पाय आत ओढून घेत. सुनेला वाटलं पाय दुखतात. मी एकदा सरळ विचारलं, "आजोबा, कोणी जातं का इथून?" ते आधी दचकले, मग हळू आवाजात म्हणाले, "नऊवारीतल्या बायका. डोक्यावर घागरी. एकामागून एक जातात. आवाज नाही करत." मी विचारलं, खऱ्या आहेत का? "छे! मला ठाऊक आहे त्या नाहीत. पण वाटेत पाय बरे नाहीत दिसत." वर्षभर त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, ही एकच भीती. सून मात्र त्यांना एकटं पुटपुटताना ऐकून चहातून अंगारा देत होती.

याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांना असंच दिसत असल्याचं १७६० साली लिहून ठेवलं. त्या आजोबांचेही डोळे मोतीबिंदूनं गेलेले होते आणि डोकं शाबूत होतं. डोळ्यांकडून चित्र येणं कमी झालं की मेंदूचा बघण्याचा भाग स्वतःच चित्रं करायला लागतो. माणसं, चेहरे, नक्षी, भिंती. काचबिंदू आणि मधुमेहानं नजर गेलेल्या कितीतरी लोकांना हे होतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं नजर कमी होत असलेल्या प्रत्येक रुग्णाला 'तुम्हाला कदाचित नसलेली माणसं दिसतील, घाबरू नका, हे डोळ्यांमुळे आहे' एवढं एक वाक्य सांगितलं तर घराघरातली ही भीती निघून जाईल. हे वाक्य मी एकाही ओपीडीत ऐकलेलं नाही. आणि इथेही नीट विचारायला लागतं. दिसण्यासोबत हात थरथरतो, चाल मंदावली आहे, दिवसादिवसाला भान कमीजास्त होतं, असं असेल तर तो दुसरा आजार असू शकतो, लेवी बॉडीचा. त्यात 'म्हातारा बडबडतोय' म्हणून दिलेलं हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं. न विचारता दिलेली गोळी काही वेळा अंगाऱ्यापेक्षा वाईट असते.

लहान मुलं सांगतात, आई तुझं डोकं इवलंसं दिसतंय, भिंत लांब चाललीये. त्यांना धपाटा मिळतो. १९५५ साली जॉन टॉड यांनी याचं वर्णन करून त्याला 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' सिंड्रोम असं नाव दिलं; बहुधा मायग्रेन किंवा एखादा विषाणूचा ताप निघतो आणि बहुतेकदा आपोआप जातं. तेवढं माहीत असलं तरी धपाटा वाचेल.

ज्यात वेळ दवडणं परवडतच नाही असा एक आजार सांगते. अमेरिकेत जोसेप दालमाऊ यांनी २००७ मध्ये तो ओळखला: अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. पुष्कळदा तरुण मुलगी असते. आधी तापासारखं, मग काही दिवसांत झोप उडते, संशय, आवाज, ओरडणं, मग झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, शरीर ताठरतं. आपल्याकडच्या कोणत्याही भुताच्या सिनेमातली मुलगी नेमकी अशी दाखवतात. खरं कारण असं की शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या एका रिसेप्टरवर हल्ला करत असते, आणि कितीतरी मुलींच्या अंडाशयात एक गाठ असते जिच्यामुळे हे सुरू होतं. गाठ काढली, प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार वेळेवर दिले, तर बहुतेक मुली बऱ्या होतात, कॉलेजात परत जातात. न दिले तर मरू शकतात. हे वाचणाऱ्यांत मनोरुग्णांचे डॉक्टर असतील तर त्यांना माझं सांगणं आहे: कालपर्यंत ठीक असलेली वीस वर्षांची मुलगी पंधरा दिवसांत अशी झाली असेल तर तिला वेड ठरवण्याआधी कमरेतून पाणी काढून तपासा आणि पोटाची सोनोग्राफी करा.

मेंदूत शिरणाऱ्या फीतकृमीच्या अळीबद्दलही हेच. भारतात फिटचं ते एक मोठं कारण आहे. "आम्ही माळकरी, आमच्या घरात डुकराचं मांस कसं येईल" असं म्हणून लोक डॉक्टरशी वाद घालतात. अंडी येतात ती माणसाच्या विष्ठेतून, घाण पाण्यावर पिकवलेल्या आणि न धुतलेल्या भाजीतून. माळेनं ती अडत नाहीत. आणि हे बहुतेकदा औषधांनी आटोक्यात येतं.

माझ्या बहिणीचं पुढे लग्न झालं, आजार लपवून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. गोळ्यांची पाकिटं माहेरीच फाडायची, गोळ्या बडीशेपेच्या डबीत घालून न्यायच्या, आणि सगळे झोपल्यावर एक घ्यायची. घरात पाहुणे आले, दोन दिवस डबीपर्यंत पोचता आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी गॅससमोर उभी असताना मोठी फिट आली. कढईतलं तेल हातावर. मग सगळं उघड झालं आणि माहेरी धाडायची भाषा सुरू झाली. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाआड येणारा दोष होता, तो १९९९ मध्ये काढून टाकला गेला. संसदेनं काढला, आपल्या बैठकीच्या खोलीतून तो निघाला नाही. अचानक गोळ्या बंद झाल्या की फिट उसळून येते हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायचं तर नवऱ्याला बोलवावं लागलं असतं.

दोन योग्य औषधं पुऱ्या मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील तर ऑपरेशनचा विचार करायचा असतो, हेही आम्हाला फार उशिरा कळलं. कॅनडातल्या एका चाचणीत, २००१ साली, टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनसाठी निवडलेल्या गटातले ५८ टक्के लोक वर्षअखेर भान हरपणाऱ्या झटक्यांतून मोकळे झाले. नुसत्या गोळ्यांवरचे ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशी ऑपरेशनं १९९५ पासून होतात. म्हणजे माझी बहीण वेशीवर नारळ फोडत होती तेव्हा देशात हा इलाज होता. तिचं ऑपरेशन झालं. वास अजून कधीतरी येतो, पुढे काही होत नाही. पण तिची सगळी विशी गेली, आणि ती भरून द्यायला कोणी येणार नाही.

आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांसाठी जो तक्ता भरतात त्यात फिटचा प्रश्न आहे. शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या यादीतही झटके आहेत. पण 'फिट येते का' या प्रश्नाला माझ्या बहिणीनं प्रामाणिकपणे 'नाही' म्हटलं असतं, कारण फिट म्हणजे हातपाय झाडणं एवढंच तिला ठाऊक होतं. म्हणून तिथे आणखी काही प्रश्न घाला. अचानक, कारण नसताना वास किंवा चव येते का? पोटातून वर चढतं का? सगळं आधी घडल्यासारखं वाटून मग मधला वेळ आठवत नाही असं होतं का? घरचे म्हणतात का, की तू टक लावून बघतेस आणि तोंड हलवतेस? नजर अधू असलेल्यांना: नसलेली माणसं दिसतात का? हे प्रश्न विचारायला मशीन लागत नाही. उत्तर 'हो' आलं तर तिला पुढे पाठवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात फिटच्या गोळ्या दर महिन्याला खात्रीनं असू द्या, आणि पुढच्या डॉक्टरनं तिच्यासाठी अर्धा तास काढावा. ओपीडीत किती गर्दी असते ते मी रांगेत उभं राहून बघितलं आहे. गर्दी देवर्ष्याच्या दारातही असते. पण तो कोणालाही दोन मिनिटांत बाहेर काढत नाही, आणि लोक त्याच्याकडे का जातात याचं अर्धं उत्तर तेवढ्यात आहे.